आठवणीतून काढलेलं रडणं

कोबे शहरातल्या ‘नामिओतो’ या इलेक्ट्रॉनिक बँडने वाद्यं कधीच सोडून दिली होती. त्यांची गाणी सॅम्पलांची, म्हणजे आधी कुठेतरी उमटलेल्या आवाजांचे तुकडे कापून गोधडीसारखी जोडलेली. पूर्वी हे तुकडे जुन्या रेकॉर्डमधून येत. आता ते एका यंत्राने माणसांच्या आठवणींतून काढले जात. त्या यंत्राला तिथले मराठी लोक ‘स्वरवेचक’ म्हणत.

सुनेत्रा टिळेकर स्वरवेचकाकडे आली ती नवऱ्यासाठी, गिरिधरसाठी. त्यांची मुलगी जन्मली, एकदाच रडली आणि गेली. गिरिधर तेव्हा विमानात होता. प्रसूतिगृहातल्यांच्या कानांवरून अशी किती रडणी गेली असतील. हे एक जपलं होतं फक्त सुनेत्राने. कसा होता गं आवाज, असं गिरिधर दर वर्षी विचारायचा. तिने सांगून पाहिलं, नक्कल करून पाहिली. तो मान हलवायचा आणि उठून गॅलरीत जायचा.

यंत्र बनवणाऱ्या डॉ. तागुचींनी काही लपवलं नाही.

“आठवण म्हणजे कपाटातली टेप नव्हे,” ते म्हणाले. “आठवताना मेंदू ती नव्याने रचतो. तेवढा वेळ ती ओल्या मातीसारखी मऊ असते, मग पुन्हा घट्ट होते. आम्ही ती मऊ असतानाच वाचतो. वाचलेली आठवण परत घट्ट होत नाही.”

“म्हणजे मी तिला विसरेन?”

“ती होती हे लक्षात राहील. पण तिचा आवाज ऐकलात तरी तो ओळखीचा वाटणार नाही.”

शिवाय यंत्र बँडचं होतं, त्यामुळे सॅम्पल त्यांच्या गाण्यात जाणार होतं. सुनेत्राने होकार दिला. गिरिधरला फक्त एवढंच सांगितलं की आवाज मिळणार आहे.

स्टुडिओत तो आवाज ऐकताना गिरिधर खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसला. सुनेत्राही ऐकत होती. कुठलंसं तान्हं मूल रडत होतं. तिने मनात खूप चाचपलं. हाताला काहीच लागलं नाही.

“हे तुला रोज ऐकू यायचं?” त्याने विचारलं.

“हो.”

“आणि एकटीने सोसलंस.”

तेव्हा खरं सांगायला हवं होतं. पण त्याचा चेहरा कित्येक वर्षांत प्रथमच मोकळा झाला होता. तिने नुसती मान डोलावली.

गाणं जपानभर गेलं, मग जगभर. ज्यांना मूल नव्हतं तेही ते ऐकून रडत. आपलंच कोणीतरी गेल्यासारखं वाटतं, असं ते लिहीत. कोबेच्या मैदानात नामिओतोचा कार्यक्रम झाला, तेव्हा गिरिधरने सुनेत्राचा हात घट्ट धरला. दुसऱ्या कडव्यानंतर ते रडणं आलं आणि हजारो माणसं एकदम शांत झाली. त्या सगळ्या गर्दीत ती मुलगी परकी होती ती फक्त तिच्या आईला.

गिरिधरने डोळे पुसले. सुनेत्रानेही पदर डोळ्यांना लावला. कुठे रडायचं, हे आता तिला पाठ झालं होतं.