सैल तारांचा ड्रम

"बेस मिठासारखा असतो गं. असला तर कोणी नाव घेत नाही. नसला की सगळे ताट सरकवतात."

दादाचा हा आवाज मी लहानपणापासून कानात वागवतेय. तो बेस गिटार वाजवायचा, मी दाराशी बसून ऐकायचे. त्या ऐकण्यानेच मला पुढे साउंड इंजिनिअर केलं.

आता सांगते ते घडलेलं आहे. मी पूर्ण शुद्धीत होते. बाहेर लख्ख दुपार होती. ज्यांना पटणार नाही, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

दादा जाऊन वर्ष होत आलं होतं. त्याच्या बँडचं शेवटचं गाणं मिक्सिंगला माझ्याकडे आलं. त्यातला बेस त्याने आजारपणात रेकॉर्ड केलेला. मी तेव्हा परगावी होते.

त्याच्या हाताचं एवढंच उरलं होतं.

सोबत ठोक्या होता. बँडचा ड्रमर, दादाचा बालमित्र.

"चिमे, ऐक माझं. बेस नव्याने वाजवून घेऊ."

"आणि दादाचा हात पुसून टाकू?"

"अगं, दबतोय तो."

"तुझा ड्रम बोकांडी बसलाय त्याच्या! जरा सरक म्हणावं."

ठोक्या हसला नाही. एरवी हा माणूस दाढदुखीतही हसायचा.

मी ड्रमचा खालचा घुमारा थोडा कापला. बेसला बसायला जागा झाली, पण सूर कोरडाच. मग ठरवलं, हाच बेस शेजारच्या खोलीतल्या अँप्लिफायरमधून वाजवायचा आणि समोर माइक ठेवून पुन्हा टिपायचा. खोलीची हवा लागली की सुराला अंग येतं.

त्याच खोलीत ड्रमसेट होता. स्नेअर ड्रमच्या पोटाखाली बारीक तारा असतात. जवळ बेस वाजला की त्या आपसूक थरथरतात. यात भूतबीत काही नाही, आमची रोजची कटकट. ठोक्या आत गेला, खटका ओढून तारा सैल केल्या, म्हणजे त्या ड्रमला टेकून वाजणार नाहीत, आणि दार लावून आला.

मी बेस सोडला. छान भरला.

मग बेस बंद करून नुसतं गाणं लावलं.

आणि माइकमधून...

थर्रर्र.

"तारा नीट सोडल्यास ना?"

"सोडल्या गं."

थर्रर्र... थर्र...

काचेपलीकडे खोली रिकामी. मी अँप्लिफायरची वीज तोडली. लाल दिवा विझला.

तारा वाजतच राहिल्या.

गाण्याच्या चालीत.

पण माझ्याकडच्या बेससारख्या नाही. तो कसा सरळ, तालावर नेमका. आजाराने हात बदलला असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. हा मात्र तालाच्या किंचित मागून... उंबऱ्याशी क्षणभर थांबून मग आत यावं, तसा.

असं एकच माणूस वाजवायचा.

मी धावत जाऊन दार उघडलं.

आवाज थांबला.

खाली वाकून पाहिलं. तारा लोंबत होत्या... कशालाच न टेकता.

"दादा?"

कापूस भरलेल्या भिंतींनी हाक गिळली. परतसुद्धा दिली नाही.

स्क्रीनवर माइकची रेघ सपाट होती. काहीच टिपलं गेलं नव्हतं. आम्ही दोघांनी काय ऐकलं, ते आजही मला सांगता येत नाही. त्या खोलीत एकटी असले की मी तारा सैल करते आणि बसून राहते. वाजतील याची भीती वाटते. वाजणार नाहीत याची जास्त वाटते.

त्या दुपारी ठोक्या चौकट धरून उभा होता. ओठ पांढरे पडलेले.

"ठोक्या, आत्ताचा हात त्याचा होता. मग माझ्याकडे आहे तो कोणाचा?"

त्याने आपली बोटं मुठीत लपवली.

"तुला सांगू नको म्हणाला होता. रेकॉर्डिंगला आला होता गं तो. गिटार मांडीवर घेतली, पण बोटांना तार दबेना. म्हणाला, तूच वाजव, चिमीला वाटू दे माझाच आहे."

त्याने स्क्रीनकडे बोट केलं.

"त्या गाण्यात दादा कुठेच नाही, चिमे."