तळघरातली धुतलेली भिंत

ती तळघराच्या पायऱ्या उतरली, तेव्हा बाह्या दुमडलेला एक अनोळखी तरुण तिची भिंत घासत होता. शेजारी बादली, हातात ब्रश, आणि चेहऱ्यावर उपकार केल्याचं समाधान.

"चार हात झाली," तो हसून म्हणाला. "काय बुरशी साचली होती हो… काळीकुट्ट."

ती मटकन पिंपावर बसली.

तो गवंडी होता, गावाची जुनी दगडी वेस दुरुस्त करायला आलेला. तळघरातला एक निखळलेला दगड बसवून दे, असं तिच्या वडिलांनी त्याला सकाळी सांगितलं होतं. दगड बसवला, आणि भल्या माणसानं वर ही हौस केली. ती बुरशी म्हणजे या घराची अब्रू होती, हे बिचाऱ्याला कुठून ठाऊक असणार? पिंपांतून झिरपणाऱ्या वाईनच्या वाफेवर ती चार पिढ्या पोसलेली. या गावात सोयरीक जुळवायची तरी आधी तळघराची भिंत बघत.

त्यात वडिलांचे गुडघे गेलेले, म्हणून यंदाची वाईन तिनं एकटीनं केली होती. पहिल्यांदाच. दोन आठवड्यांनी गावातले पाच जाणते चव बघायला उतरणार होते. त्यांना पटली तर पिंपांवर गावाचा शिक्का, नाहीतर वर्षाची मेहनत वाया. आणि ही मंडळी पेल्याआधी भिंतीला हात लावायची.

सगळं ऐकून गवंड्याचा चेहरा उतरला. चूक माझी, मीच त्यांना सांगतो, असं तो म्हणाला. त्यावर तिनं ताडकन ऐकवलं की तळघर तिचं आहे, तेव्हा चूकही तिचीच, मध्ये दुसऱ्या कुणी पडायचं कारण नाही.

तरी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला. तिसऱ्या दिवशीही. ओल्या फडक्यांनी दगड दमट ठेवायचा, पलीकडच्या भिंतीवरची चिमूटभर बुरशी आणून लावायची, हा उद्योग दोघांनी मिळून मांडला. बुरशी काही वाढेना. गप्पा मात्र वाढल्या. तो दगडांबद्दल बोलायचा, ती द्राक्षांबद्दल. एकदा दोघांचे हात एकाच फडक्यावर पडले आणि… कुणीच काढून घेतला नाही.

"तुमच्या नाकाला काळं लागलंय," तो हळूच म्हणाला.

"असू दे. तेवढी बुरशी तरी तुमच्या तावडीतून सुटली."

बघता बघता तो दिवस उजाडला. पाच जाणते उतरले. सगळ्यांत पुढे मोठ्या काकू, गावातली सगळ्यात तिखट जीभ. वडील काठी टेकत येऊन पायरीवर बसले. गवंडी कोपऱ्यात उभा राहिला. काकूंचा हात भिंतीवरून सरकत उघड्या दगडापाशी थांबला.

"हे कुणी केलं?"

गवंड्यानं पाऊल पुढे टाकलं. तिनं त्याला हातानंच अडवलं. तिची मान ताठ होती.

"ज्याच्याशी मला लग्न करायचंय, त्यानं," ती म्हणाली. "बोल लावायचा तर या घराला लावा. पण आधी वाईन चाखा. ती भिंतीनं नाही, मी केलीय."

वडिलांच्या हातातली काठी निसटली. गवंड्याचा तर पुतळाच झाला. काकूंनी पेला नाकाशी नेला, घोट घेतला, डोळे मिटले. मग दुसरा घोट घेतला.

"तुझ्या आजोबांची वाईन मी तीस वर्षं चाखली," त्या म्हणाल्या. "भिंत त्यांची होती. ही वाईन तुझी आहे. आणा तो शिक्का."

वडील डोळे पुसत, जणू कुणाला ठाऊकच नव्हतं अशा थाटात, पोर माझी आहे म्हणून एकेकाला सांगत सुटले.

सगळे वर गेले. तो अजून तिथंच होता.

"मला… कुणी विचारलं नाही."

"गडबडीत राहिलं. आता विचारते." इतका वेळ खणखणीत असलेला तिचा आवाज कापला. "वेशीचं काम झालं की जाणार आहात?"

"काम कालच झालं," तो म्हणाला आणि त्यानं तिचा हात धरला. "आज फक्त तुमच्यासाठी थांबलो होतो. उद्याही थांबेन म्हणतो."