परत आणलेली शिडी

शिल्पाने कळशी कमरेवर घेतली तसा केवळाबाईने सुनेचा हात धरला.

"कुठं निघालीस?"

"वर, आत्याबाई. स्लॅबला पाणी मारायचंय. मुकादमानं सांगितलंय."

लातुरात शिकवण्यांना ऊत आला होता. बाहेरगावच्या पोरांसाठी गल्लोगल्ली होस्टेलं उठत होती, हे त्यातलंच एक. परवा इथंच शिडीवरून केवळाबाईचा गवंडी नवरा धोंडप्पा पडला. त्याची कंबर मोडली. त्याच शिडीवर आडवा घालून माणसांनी त्याला दवाखान्यात नेला. वाटभर तो पुटपुटत होता, "सरका की जरा... मला जागा द्या..." लोक म्हणाले, भ्रमलाय. केवळाबाईने मात्र शिडी ओळखली होती.

भूकंपात तिच्या गावी तिरड्यांना बांबू पुरले नाहीत. मढी शिडीवरून वाहिली. मसणात गेलेला बांबू कुणी माघारी आणत नाही. गावच्याच भुजंग मुकादमाने आणला.

आज तीच शिडी पुन्हा स्लॅबला लावून तो शेजारी उभा होता.

"भुजंगा, ही मसणातली शिडी हाय का न्हाई?" केवळाबाईने विचारलं.

"असंल. बांबू चांगला हाय, तिथं सडू देऊ व्हय?" भुजंग हसला. "तुझा नवरा पिऊन चढला आन् नाव शिडीचं. सोड पोरीला."

"माझा नवरा चहाबी पीत न्हाई. तूच चढून दाखव."

सगळे बघत होते. भुजंगाने खालच्या पायरीवर पाय ठेवला.

दिवस मावळतीला आलेला. झाडाचं पान हलत नव्हतं. अगदी वरची पायरी करकरली. मग तिच्या खालची. मग तिच्याही खालची... भार हळूहळू खाली येत होता आणि शिडीवर कुणी नव्हतं. ओल्या सिमेंटच्या वासात दुसराच वास मिसळला, ढिगाऱ्याखालच्या कोंदट मातीचा. तो केवळाबाईच्या ओळखीचा होता.

भुजंगाने पाय मागे घेतला. "वारा हाय..."

"हाव. वाराच हाय. हो बाजूला."

तिने कुऱ्हाड घेतली, शिडीचे तुकडे केले आणि त्याच्यासमोर पेटवले. "माझ्या सुनेला पुन्हा शिडी दाखवलीस, तर तुलाबी यातच घालीन."

शिल्पा खालीच राहिली.

धोंडप्पाला कमरेखाली हलता येत नाही. दोघी त्याला रोज दवाखान्याच्या खाटेवर मधोमध निजवतात. सकाळी तो कडेला असतो, अंग आकसून, लोखंडी दांडीला चिकटलेला. बाकीची खाट मोकळी.

चादर झटकली की माती पडते.