वाऱ्याकडचा कोपरा

ठिगळाला चार कोपरे असतात, हे लोकांचं मत. माझ्या ठिगळाला तीनच असतात. विमानाच्या पंखाचं कापड फाटलं की त्यावर ठिगळ शिवायचं आणि वरून लेप फासून ते ताणून बसवायचं, हे काम मी वीस वर्षं केलं. वारा सगळ्यात आधी बोट घालतो तो पुढच्या, बाहेरच्या कोपऱ्यात. म्हणून तो कोपरा मी कातरीने तिरका उडवून टाकायचे. शेडमधले बाकीचे शिवणारे मला हसायचे. "बाईंना कापड पुरलं नाही वाटतं," म्हणायचे. हसोत बापडे. माझं ठिगळ कधी सुटलं नव्हतं.

त्या वर्षी एक सिनेमा कंपनी आमच्या मैदानावर येऊन थडकली. सिनेमा काढायचा होता विमानांच्या कसरतींचा आणि विमान होतं एक, तेही भाड्याचं. नायक स्टुलावर चढला तरी त्याचे डोळे फिरायचे. दिग्दर्शक हातातला पत्र्याचा भोंगा जेवतानाही खाली ठेवत नसे, म्हणून त्याचं नावच भोंगा पडलं. नायकाच्या जागी उडणार होता माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी सतराची. त्याला वाढवता वाढवता माझं लग्नाचं वय निघून गेलं, आणि हे मी त्याला कधी ऐकवलं नाही असं काही नाही.

सिनेमाच्या शेवटी विमान कोसळतं. खरं विमान पाडायची कंपनीची ऐपत नव्हती. मग भोंग्याने कुठल्याशा बुडालेल्या कंपनीच्या अडगळीतून एक जुना तुकडा उचलून आणला. बारा वर्षांपूर्वीचा, अकरा सेकंदांचा. एक विमान कॅमेऱ्यावरून अगदी कमी उंचीवरून जातं, कलतं, झाडांच्या रांगेमागे पडतं आणि धूर येतो. ते उडवणारा कोण होता, त्याचं पुढे काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं.

"मेला असेल, नाहीतर जगला असेल. आपल्याला काय करायचंय?" भोंगा म्हणाला. "तुम्ही एवढंच बघा, की आपलं विमान हुबेहूब त्याच्यासारखं दिसलं पाहिजे. धाकटा झाडांपर्यंत सूर मारेल, वर खेचून घेईल. पुढे हा तुकडा जोडला की झालं."

म्हणून एका दुपारी वही-पेन्सिल घेऊन मी त्यांच्या खोलीत जाऊन बसले. खिडक्यांना काळी कापडं ठोकलेली, आत तेलाचा आणि घामाचा कोंदट वास. फिल्म कापून जोडणारा म्हातारा होता, त्याला सगळे कात्री म्हणत. तो यंत्रात घालण्याआधी फिल्म ओठाला लावत होता.

"काय, चव घेताय?" मी विचारलं.

"दोन बाजू असतात हिला," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "चित्राची बाजू ओल्या ओठाला चिकटते, दुसरी घसरते. अंधारात उलटसुलट कळायला एवढं एकच साधन. बसा आणि गप्प राहा."

मी बसले आणि लिहीत गेले. शेपटीवर काळा गोल. चाकांच्या मध्ये आडवी कांब. डाव्या पंखाच्या टोकाजवळ, खालच्या अंगाला, वीतभर पांढरं ठिगळ. त्याचा पुढचा बाहेरचा कोपरा तिरका उडवलेला.

माझी पेन्सिल तिथेच थांबली. खरं सांगते, भीती वगैरे काही वाटली नाही. राग आला. माझी युक्ती बारा वर्षांपूर्वी कुणीतरी वापरली होती आणि मी इतकी वर्षं उगीच मिरवत होते.

"पंखाचं कापड नवंकोरं आहे," मी बाहेर येऊन भोंग्याला सांगितलं. "मी धडक्या कापडावर ठिगळ लावणार नाही."

पण लावायची वेळ आपोआपच आली. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान शेडबाहेर ढकलताना कॅमेऱ्याच्या तिपाईचा लोखंडी पाय पंखात घुसला. डाव्या पंखात, टोकाजवळ, खालून. पांढरं कापड संपलेलं होतं. गादीच्या खोळीचं निळ्या पट्ट्यांचं कापड पडलं होतं, त्यातला तुकडा कापला, कोपरा उडवला, शिवला. भोंगा खूश झाला. "बघा, देवालाही आपला सिनेमा पूर्ण व्हायला हवाय," म्हणाला. उचलली जीभ लावली टाळ्याला.

जुळतंय की नाही हे बघायला मी पुन्हा त्या खोलीत गेले. पडद्यावरून विमान गेलं. ठिगळावर पट्टे होते.

मी वही उघडली. माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पांढरं'.

"तुकडा बदललात?" मी विचारलं.

"एकच तुकडा आहे," कात्री म्हणाला.

"काल पट्टे नव्हते."

"बाई, मी पडद्याकडे बघतच नाही. मी फक्त लांबी मोजतो." त्याने दिवा लावला नाही. अंधारातच म्हणाला, "हा तुकडा मलाही आवडत नाही. तुमचं काम झालं असेल तर जा."

मी गेले नाही. हट्टाने त्याला तो हातानेच, सावकाश, पुन्हा फिरवायला लावला. पहिल्या दिवशी विमान काही कारण नसताना पडलं होतं. आता कारण दिसत होतं. ठिगळाची मागची कड उचलली गेली. मग ठिगळ निघालं, त्याच्यापाठोपाठ पंखाचं कापड सोलत गेलं, आतल्या लाकडी फासळ्या उघड्या पडल्या आणि विमान त्या बाजूला कललं.

माझं ठिगळ. दुसऱ्या कुणाच्या हातचं असतं तर मी कदाचित स्वतःच्या डोळ्यांना दोष देऊन मोकळी झाले असते.

संध्याकाळी जेवताना मी धाकट्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. त्याने ताट बाजूला सरकवलं.

"उद्याचा सूर नीट झाला तर पुढच्या सिनेमापासून मला कायमची नोकरी आहे. आणि नेमका आजच तुला हा साक्षात्कार झाला?"

"मी डोळ्यांनी बघितलं."

"तू काय बघितलंस ते मला ठाऊक आहे, ताई. मी वर गेलो की तुला इथे कुणी उरत नाही. तुला मी जमिनीवरच हवाय, तुझ्या सुईदोऱ्याशेजारी. आई असती तर तिने मला जाऊ दिलं असतं."

"आई असती तर मीसुद्धा कुठेतरी गेले असते!" मी ओरडले.

त्या रात्री भांडी त्याने घासली, एरवी मी घासायचे.

उजाडताच मी शेडमध्ये गेले आणि डाव्या पंखाचं टोकाकडचं तीन हात कापड उसवून टाकलं. भांडाराच्या कारकुनाशी हुज्जत घालून त्याने लपवून ठेवलेलं चांगलं कापड काढायला लावलं. ते चढवलं, शिवलं, लेप दिला. उन्हं वर आली तेव्हा पंख ढोलकीसारखा ताठ झाला होता. ठिगळाचा मागमूस नव्हता.

भोंगा आला आणि त्याने आकाशपाताळ एक केलं. "ठिगळ कुठे आहे? अहो, त्या तुकड्यात ते ढळढळीत दिसतं! लोक काय आंधळे आहेत? आत्ताच्या आत्ता लावा, नाहीतर मी सुताराकडून खिळ्यांनी ठोकून घेतो."

खिळ्यांनी म्हणाला, आणि तो तसं करायला कमी करणारा नव्हता. मी क्षणभर विचार केला. तुकड्यात ठिगळ डाव्या पंखावर आहे. म्हणजे डाव्या पंखावर ते लावायचंच नाही.

"उजव्या पंखावर लावते," मी म्हणाले. "नुसतं शोभेचं, धडक्या कापडावर. पटत असेल तर बोला."

त्याने भोंगा मांडीवर दोनदा आपटला. "उजवा तर उजवा. मग विमान पलीकडून आणू, डावीकडून उजवीकडे, म्हणजे ठिगळ कॅमेऱ्याकडे येईल. पुढचं कात्री बघेल."

मी लावलं. त्याच पट्ट्यांच्या कापडाचं, वाऱ्याकडचा कोपरा उडवून. दुहेरी दोरा, नेहमीपेक्षा दाट टाके. मनातून मी अगदी खूश होते, का खोटं बोलू? त्या तुकड्याला मी चांगलं चकवलं असं वाटत होतं.

दुपारी धाकटा कातडी टोपी चढवून आला. उजव्या पंखाखाली वाकून त्याने ठिगळावरून अंगठा फिरवला.

"झालं समाधान?"

"झालं."

"मग राहिलेलं भांडण उतरल्यावर." त्याने माझ्या खांद्याला कोपराने ढोसलं आणि तो चढला. लहानपणापासून त्याची माफी मागायची पद्धत तीच.

विमान वर गेलं. आवाज लांब लांब होत गेला.

कात्री मैदानावर कधी येत नसे. त्या दिवशी मात्र सायकल हातात धरून कुंपणापाशी उभा होता. विमान आमच्यावरून वळलं तेव्हा त्याने कपाळावर हात धरून वर पाहिलं.

"ठिगळ उजवीकडे घेतलंत?" तो म्हणाला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"काय सांगायचं?"

"भोंग्याला सिनेमात विमान उजवीकडून डावीकडे जायला हवं होतं. जुन्या तुकड्यात ते नेमकं उलट जातं. म्हणून मी तो उलट्या बाजूने छापला. आरशात दिसावं तसं. शेपटीवरचा गोल दोन्हीकडून गोलच, कुणाच्या लक्षात येत नाही." त्याने घसा खाकरला. "मूळ तुकड्यात ठिगळ उजव्या पंखावरच आहे, बाई. मला वाटलं, तुम्ही ओळखलंत."

मी धावले.

मैदानाच्या मधोमध उभी राहून मी ओढणी हलवली, दोन्ही हात हलवले, ओरडले. भोंगा भोंग्यातून माझ्यावर ओरडत होता. "बाजूला व्हा! चित्रात येताय!"

विमान डावीकडून आलं, खाली, आणखी खाली. उजवा पंख माझ्या डोक्यावरून गेला. ठिगळ स्पष्ट दिसलं. माझे टाके दिसले.

मागची कड उचलली गेली.

कोपरा नाही. कोपरा शेवटपर्यंत घट्ट होता.

झाडांमागे आवाज झाला. मग धूर.

कॅमेरा चालू होता. कुणीही तो थांबवला नाही. किती सेकंद झाले ते मी मोजले नाहीत, कात्रीने नंतर मोजले. त्याने नवा तुकडा आणि जुना तुकडा एकमेकांवर ठेवून उजेडाला धरले आणि मला बोलावून दाखवले. झाडाची फांदीसुद्धा इकडची तिकडे नव्हती. माझी हात हलवणारी आकृती मात्र कुठेच नव्हती, नव्यातही नाही. त्याच आठवड्यात त्याने काम सोडलं. सिनेमा लागला, चालला. शेवटाला लोक टाळ्या वाजवत, असं मला शेजारणीने येऊन सांगितलं. मी तिला दारातूनच घालवून दिलं.

याला सोळा वर्षं झाली. मी अजून शिवते, पण फक्त कपडे.

गेल्या महिन्यात एक बाई पत्ता शोधत आली. माझ्याच वयाची, बोटांवर लेपाचे पिवळे डाग. कुठल्याशा कंपनीत विमानांचं शिवणकाम करते म्हणाली. कंपनी सिनेमा काढतेय, जुना एक तुकडा मिळालाय, अकरा सेकंदांचा. तिने रुमालातून फिल्मची एक पट्टी काढली. कापून आणली होती, चोरून.

"लोक म्हणतात, तुम्हाला याच्यातलं कळतं," ती म्हणाली. "हे ठिगळ बघा, ताई. गोल आहे, कडेला दुहेरी टीप. असं गोल ठिगळ माझ्याशिवाय कुणी लावत नाही. आणि काल आमच्या विमानाला..." तिला पुढे बोलवेना. "माझी मुलगी उडवते ते. एकुलती एक आहे. डावा पंख की उजवा, तेवढंच सांगा. दुसरं काही नको."

पट्टी मी खिडकीशी धरली. तीच झाडं, तोच शेपटीवरचा काळा गोल. ठिगळ खरंच गोल होतं, नीटस, माझ्यापेक्षा चांगल्या हाताचं. पट्टी उजेडात दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. एका बाजूने डावा पंख, दुसऱ्या बाजूने उजवा.

"घाबरू नका," मी म्हणाले. "खरी बाजू ओळखता येते. मला शिकवलंय."

मी खालचा ओठ ओला केला आणि पट्टी टेकवली. ती चिकटली.

खात्री करावी म्हणून उलटी करून टेकवली.

तीही चिकटली.