रांगोळीवरचे दोन पट्टे

"माझी रांगोळी! कोणी तुडवली?" आभा किंचाळली.

झेंडूची माळ टाकून एलाद धावत आला. संध्याकाळी गरजूंना वॉकर, चाकाची खुर्ची अशा वस्तू वापरायला देणाऱ्या हातभार मंडळाचा सुवर्णमहोत्सव होता आणि हॉलच्या दारातली सजावट दिवाळीच्या सुट्टीत या दोघांनी मागून घेतली होती.

"तुडवली कुठे? पाऊल तरी दिसतंय का? हे बघ, दोन सरळ पट्टे!"

तेवढ्यात व्हरांड्यातून मंडळाच्या अध्यक्षांचा, जीवनकाकांचा आवाज चढला. समोर उभी होती आपटा गावाजवळच्या वाडीतली दिपा, एलादच्याच वर्गातली!

"आजीला वॉकर हवाय? आधी आमची चाकाची खुर्ची आणा!"

"बाबानं ती परवाच आणली, काका. हापिस बंद होतं, म्हणून इथंच व्हरांड्यात ठेवली. आमी खोटं नाय बोलत!"

"मग काय पंख फुटले तिला? मंडळाची पहिली खुर्ची ती! आज प्रदर्शनात मांडायची होती. ती मिळेपर्यंत तुमच्या वाडीला काही मिळणार नाही. काल येऊन सांगितलंय मी!"

काका तरातरा आत गेले.

"सगळ्या वाडीसमोर चोर म्हणाले," दिपा हळूच बोलली. "आजी भिंत धरून चालते. सकाळी पडली."

"शोधूया! कशी होती खुर्ची?" आभाने विचारलं.

"जुनी. सायकलची चाकं हायत तिला."

एलादने आभाकडे पाहिलं, आभाने रांगोळीकडे.

"पट्टे!"

तिघं वाकून माग काढत निघाली. गुलाबी रंगाच्या पुसट रेघा हॉलमधून गेल्या, फळीवरून स्टेजवर चढल्या आणि थेट प्रमुख पाहुण्यांच्या सिंहासनापाशी थांबल्या. लाल मखमल, सोनेरी झालर, काय तो थाट!

"ए! हात लावायचा नाही!" काका ओरडले.

एलाद साळसूदपणे म्हणाला, "नाही लावत. पण काका, तुम्ही एकदा बसा ना! फोटोत कसं दिसतं ते कळेल."

काका खुलले. ऐटीत बसले, मिशीवरून हात फिरवला. आभाने मागून अलगद ढकललं.

"अगं, अगं! हे चालतंय!"

एलादने पुढून खुर्ची अडवली. मखमल घसरली आणि खालून सायकलची चाकं डोकावली. चाकांना गुलाबी रांगोळी!

"मी परवा मांडववाल्याला व्हरांड्यातली खुर्ची नेऊन सजवून आणायला सांगितलं होतं," काका पुटपुटले. "लाकडी खुर्ची म्हणायचं होतं मला..."

दारात एलादचे आजोबा, मंडळाचे संस्थापक जोशुआ, उभे होते.

"जीवन, पन्नास वर्षांपूर्वी पेशंटला गोधडीच्या झोळीत घालून दवाखान्यात न्यायचे. आम्ही मित्रांनी सायकलवाल्याकडून ही बनवून घेतली आणि एक नेम केला. दारी आलेल्याची उलटतपासणी करायची नाही. तो नेम मोडला, तर आज कसला इतिहास सांगणार तू?"

काकांनी मान खाली घातली. कपाटातून वॉकर काढून दिपापुढे धरला. "चुकलो, बाळ. घे."

दिपाने हात मागे घेतले. "नाय काका. चोर वाडीत येऊन म्हणालात. हे बी वाडीतच येऊन सांगा!"

"पण पाहुणे..."

"पाहुण्यांना मी थांबवतो," आजोबा म्हणाले. "शाबास पोरांनो! जा, घेऊन जा यांना."

वाडीत काका सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणाले, "खुर्ची आमच्याकडेच होती. चूक माझी!"

दिपाची हौसाआजी त्यांनी आणलेला वॉकर धरून उठली, एकेक पाऊल टाकत त्यांच्यापर्यंत आली.

"झालं तर मग. बस रं जरा, चहा टाकते. आणि या माझ्या वाघांना आधी देते!"