हयात आईसाठी चिरशांती

"फादर, मी अजून इथंच आहे!"

रविवारच्या दुसऱ्या मिस्सेत, भरल्या चर्चमध्ये, तिसऱ्या बाकावरून आवाज आला. फादरांनी नुकतंच हातातल्या कागदावरून एक नाव वाचलं होतं, अगदी आडनावासकट, आणि या मृत भगिनीच्या आत्म्याला चिरशांती लाभो, असं खणखणीत आवाजात पुढं जोडलं होतं. ती भगिनी महिन्यापूर्वीच पोटाच्या मोठ्या ऑपरेशनमधून उठली होती आणि ठेवणीतली शाल पांघरून देवाचे आभार मानायला आली होती. फादर शांत माणूस. त्यांनी चष्मा वर सरकवला, बाईंकडे नीट बघून घेतलं, म्हणाले, "देवाचे आभार!" आणि अख्ख्या चर्चनं सवयीनं "आमेन" म्हटलं. गायनवृंदातल्या पोरींना मात्र पुढचं गाणं काही केल्या सुरू करता येईना.

मागच्या खांबाआड उभ्या असलेल्या एका मुलीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो कागद तिनं टाइप केला होता.

ती धर्मग्रामाच्या, म्हणजे चर्चच्याच, ऑफिसात कारकून होती. मिस्सेचे हेतू, म्हणजे कुणासाठी काय प्रार्थना करायची ते, लिहायची तिच्याकडे एक जाडजूड वही होती. डाव्या पानावर हयात माणसांचे हेतू यायचे, वाढदिवस, परीक्षा, आजारातून उठल्याचे आभार. उजव्या पानावर निवर्तलेल्यांचे. त्या दिवशी तिच्या एका कानाला फोन होता आणि पलीकडून बिशपांचे सेक्रेटरी धर्मप्रांताच्या अहवालासाठी विचारत होते, यंदा बाप्तिस्मे किती, लग्नं किती. त्या गडबडीत तिनं एका जिवंत बाईला अलगद उजव्या पानावर नेऊन ठेवलं.

मिस्सा संपल्यावर ऑफिसातल्या टेबलाखाली आपण मावू का, याचा ती अंदाज घेत होती. तेवढ्यात दारात एक उंच तरुण येऊन उभा राहिला. बाह्या दुमडलेल्या, नखांच्या कडेला ग्रीसची काळी रेघ, आणि चेहरा... चेहरा रागाचा नव्हता. तीच तर भानगड होती.

"माझ्या आईला मारलंत ते तुम्हीच का?"

"मी... म्हणजे, खरंच मी... माझं लक्ष—"

"आधी बसा. उभ्यानं माफी मागाल तर चक्कर येईल."

ती बसली. "तुम्ही ओरडा माझ्यावर. मला चालेल."

"मला जमत नाही हो. मी लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसाकाठी पाच-सहा जण माझ्यावरच ओरडतात. मला कधी संधीच मिळाली नाही."

"आणि तुमच्या आई? खूप मनाला लागलं असेल..."

"आई?" तो खिडकीकडे वळला. "ती बघा. फाटकापाशी उभी राहून सगळ्यांना सांगतेय, माझ्या मिस्सेला केवढी गर्दी होती, मी स्वतः पाहिली."

तिला हसू फुटलं आणि मग दाबता येईना. तोही हसला. आभाराच्या मिस्सेची नवी तारीख सहा आठवड्यांनंतरची निघाली. तिनं ती डाव्या पानावर लिहिली, खाली रेघ मारली, वही त्याच्यासमोर फिरवली.

"छान. पण मी दर शनिवारी येऊन बघणार," तो म्हणाला, "आई याच पानावर आहे ना ते. तुमचा काही भरवसा नाही."

आणि तो खरोखर येऊ लागला! शनिवारी चारच्या सुमाराला दारावर टकटक. "आहे का?" "आहे." "हयात?" "अगदी ठणठणीत." एवढ्या चौकशीला अर्धं मिनिट पुरे, पण लिफ्टवाल्याला पाऊण तास लागायचा. फादर आतल्या खोलीतून दोनदा खोकायचे आणि तिसऱ्यांदा सरळ बाहेर येऊन स्वतःचा चहा स्वतः करून घ्यायचे.

तिसऱ्या शनिवारी पाऊस लागला. ती खिडकी ओढू लागली, बिजागरी अडकली होती. त्यानं मागून हात लांबवून खिडकी अशी हलकेच उचलून लावली, की तिच्या केसांना बाही लागली न लागली. दोघंही उगीचच पावसाकडे बघत राहिले.

"लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी तुम्ही काय बोलता?" तिनं विचारलं.

"पहिलं म्हणजे, मी आलोय. दुसरं, दार तुम्ही ओढू नका. मग जेवलात का, मुलं किती, गुडघे काय म्हणतात... दार उघडेपर्यंत निम्म्या शहराशी माझी सोयरीक झालेली असते."

"आणि मुली अडकल्या तर?"

"त्या आणखी किती वेळ लागेल तेवढंच विचारतात." तो थांबला. "तुम्ही एकदा अडका ना... म्हणजे, सावकाश काढेन."

तिनं वही मिटली आणि कान लाल झाल्याचं त्याला दिसू नये म्हणून पाठ फिरवली. दिसलं होतंच.

चौथ्या आठवड्यात त्याच्या आईंनी तिला चहाला बोलावलं. 'मला मारणारी मुलगी जिवंतपणी बघायची आहे,' असा निरोप होता. दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर, भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याखाली औषधांच्या बाटल्या ओळीनं लावलेल्या. आईंनी तिला जवळ बसवून घेतलं, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला.

"एकदा मारलंसच आहेस पोरी, तर आता माझी जागाही घेऊन टाक. या घरातली."

लिफ्टवाल्याला असा ठसका लागला, की निम्मा चहा शर्टावर.

खाली सोडायला येताना तो जिन्यात थांबला. "आई बोलली ते... मीच बोलणार होतो. एवढ्या लवकर नाही, एवढंच." मग एकदम गंभीर होऊन, "तू मला आवडतेस. फार."

तिला हो म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं. पण घड्याळात पावणेसात वाजले होते आणि सातला घरी तिची रोझरीची प्रार्थना असायची.

तिचे पप्पा शिंपी. धर्मप्रांतातल्या निम्म्या फादरांचे पांढरे झगे त्यांच्या हातचे, त्यामुळं कुणाचं पोट किती सुटलं याची खडान्‌खडा माहिती बिशपांपेक्षा त्यांना जास्त. आई चार वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून घरात दोघंच. रोज सातला मशीनवर कापड झाकायचं, मेणबत्ती लावायची आणि माळ हातात घेऊन रोझरी म्हणायची, दहा-दहा 'नमो मरियां'ची पाच दशकं. प्रत्येक 'नमो मरिया'चा पहिला अर्धा भाग पप्पा म्हणायचे आणि दुसरा ती. आधी उत्तराला दोन आवाज असायचे, आता एकच. तो एकही गेला तर? पप्पा पहिला अर्धा म्हणतील, सवयीनं थांबतील... आणि खोलीत कुणीच बोलणार नाही. म्हणून तिनं आधीची दोन स्थळं नाकारली होती. एकात मुलाच्या कानांत खोट काढली, दुसऱ्यात मुलाच्या नोकरीला नावं ठेवली. खरं कारण पप्पांना कधी कळू दिलं नव्हतं.

लिफ्टवाल्याला मात्र तिनं ते जिन्यातच सांगून टाकलं.

"एवढंच?" तो म्हणाला. "मग मी येतो उद्या सातला. आवाज बरा आहे माझा."

आला. चांगला अंघोळ करून, केस चप्प बसवून. गुडघ्यांवर बसला, दोन दशकं झकास उत्तरं दिली. तिसऱ्या दशकात फोन थरथरला. आठव्या मजल्यावर कुणीतरी म्हातारी अडकली होती. तो आधी पप्पांकडे बघत राहिला, मग तिच्याकडे, आणि पायांचा आवाज न करता निघून गेला. पप्पांनी मणी पुढं सरकवला.

पुढच्या शनिवारी ती म्हणाली, "तुमचं काम कधी उभं राहील याला वेळ नाही. माझी वेळ ठरलेली आहे. तुमच्या घरी आले तर सात वाजता मी तुमच्याकडे असेन आणि मन इथं. नको... नकोच."

त्यानं वाद घातला नाही. "ठीक आहे. मी दार ओढणार नाही," एवढंच म्हणाला. जाताना त्यानं वहीकडे बघितलंसुद्धा नाही.

दहा दिवस गेले. शनिवारी चार वाजले, सव्वाचार झाले. फादरांनी दोन कप चहा केला आणि एक तिच्यासमोर ठेवून निमूट आत गेले. ती ऑफिसातून घरी यायची, भाजी चिरायची, कशात मीठ घातलंय आणि कशात नाही ते विसरायची. पप्पा तसंच जेवायचे, तिच्याकडे बघायचे. शिंपी माणूस, मोजमाप डोळ्यांनीच घेतो.

पप्पांची एक पद्धत होती. प्रत्येक दशकाआधी ते हेतू बोलायचे. आजाऱ्यांसाठी, पोपसाहेबांसाठी, पाचवं दशक कायम आईसाठी. त्या गुरुवारी पाचव्याला ते थांबले, खाकरले आणि मेणबत्तीकडे बघत म्हणाले, "जिनं माझ्यासाठी दोन चांगली स्थळं घालवली आणि आता तिसरंही घालवायला निघाली आहे, त्या मुलीला देव थोडी अक्कल देवो."

"पप्पा!"

"रोझरी चालू आहे," पप्पा म्हणाले आणि 'नमो मरिया' सुरू केली.

काय करणार? मध्येच बोलायची त्या घरात रीत नव्हती. स्वतःच्या अकलेसाठी तिनं दहा वेळा उत्तर दिलं, आणि सहाव्या वेळेपासून रडत रडत.

शेवटची क्रूसाची खूण झाल्यावर पप्पांनी तिचा हात हातात घेतला. "त्याच्या आईनं येऊन सांगितलं मला सगळं. बायकांचे कपडे शिवत नाही म्हटलं, तर म्हणाली मग फादरांचा झगा शिवा, पण ऐकून घ्या." ते हसले. "वेडे, तू ऑफिसला गेलीस की मी मशीन चालवता चालवता रोज आणखी एक रोझरी म्हणतो. एकटा. पहिला अर्धाही माझा, दुसराही माझा. चार वर्षं झाली."

"मला कधी बोलला नाहीत..."

"तू एवढ्या प्रेमानं उत्तर द्यायचीस. मला वाटलं, तुलाच गरज आहे. आईची." त्यांनी तिचा हात थोपटला. "मला आवडतं गं तुझं उत्तर. पण आवडतं म्हणून तुला अडवून ठेवू?"

रात्रभर तिच्या मनात एकच गोष्ट होती, की असा बाप मिळायला आपण केलं तरी काय. सकाळी फोन उचलला, ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. नाही म्हणणं सोपं गेलं होतं. हो कोणत्या शब्दांत म्हणतात?

संध्याकाळी सहाला ऑफिसचा फोन वाजला. फादर होते. सहाव्या मजल्यावरच्या आजाऱ्याला भेटून येताना लिफ्टमध्ये अडकले होते आणि त्यांना पाठ असलेला नंबर हा एकच होता.

तिनं लिफ्टवाल्याला कळवलं. "फादर अडकलेत," एवढंच बोलली आणि पत्ता दिला. मग चप्पल घातली आणि चक्क पळत सुटली.

ती पोचली तेव्हा तो चौथ्या मजल्यावर बंद दाराशी उकिडवा बसून आतल्या फादरांना गुडघ्यांची खबरबात विचारत होता. तिला बघून त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

"पप्पांना सगळं कळलंय," ती धापा टाकत म्हणाली. "ते एकटेही म्हणतात. रोज. मला माहीतच नव्हतं. आणि मी... मला तुमच्याशी लग्न करायचंय. तुमचा फोन कधीही वाजू दे. मला चालेल. मी चुकले होते."

तो उठला. हाताचं ग्रीस विजारीला पुसत राहिला.

"बोला ना काहीतरी," ती रडवेली झाली.

"देवा, तुझे उपकार," तो म्हणाला, अगदी हळू. आणि तिचा हात धरला, ग्रीससकट.

"अभिनंदन," दाराआडून आवाज आला. "तीन रविवार चर्चमध्ये लग्नाच्या घोषणा वाचाव्या लागतील. पण त्यासाठी मला इथून बाहेर पडावं लागेल."

फादर बाहेर आले, दोघांच्या डोक्यांवर हात ठेवला आणि उरलेले मजले जिन्यानं उतरले. लिफ्टवाल्यानं दारावर 'बंद आहे'ची पाटी लावली. "आईला सांगायला चल," तो म्हणाला. "आत्ता. ती वाट बघतेय. त्या मिस्सेपासून पाच आठवडे झाले, नुसती वाट बघतेय."

तिनं घड्याळ पाहिलं. सातला पाच कमी. तिनं घरी फोन लावला.

"पप्पा, मी... आम्ही त्याच्या आईकडे चाललोय. आज मला उशीर होईल."

पलीकडून काडी ओढल्याचा आवाज आला, मेणबत्ती लावायला.

"होऊ दे की," पप्पा म्हणाले. "मी सुरुवात करतो."