मागच्या सीटची थरथर

ही गोष्ट रात्रीची नाही, भर दुपारची आहे. म्हणूनच विश्वास ठेवायला जड जाते. पण ज्याच्या बाबतीत घडली तो गौतम माझा सख्खा मावसभाऊ. भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्याला दुकानातून हाकलून देणारा माणूस. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितली नसती तर मीही हसून सोडून दिली असती.

छत्तीसगडचं मंत्रालय रायपूर शहरातून नव्या रायपूरला हललं, त्यानंतरच्या मे महिन्यात हे घडलं.

गौतमचं रायपुरात तेलीबांध्याला व्हील अलाइनमेंटचं दुकान. तोंडानं फटकळ, स्वतःच्या कामाची भारी घमेंड असलेला. आणि आदल्या डिसेंबरपासून आतून पेटलेला.

कारण डिसेंबरात त्याची बायको गेली. स्नेहल.

ऑफिसातून स्कूटीवर परत येताना नव्या रायपूरच्या रस्त्यावर एका गाडीनं तिला उडवलं. चहाच्या टपरीवाल्यानं पाहिलं. गाडीवाला उतरला, त्यानं तिला उचलून मागच्या सीटवर झोपवलं. "हॉस्पिटल ले जा रहा हूँ," म्हणाला. स्नेहल तेव्हा शुद्धीवर होती.

ती हॉस्पिटलात पोचलीच नाही...

सकाळी सापडली ती शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, सिलताऱ्याच्या बाजूला, रस्त्याकडेच्या खड्ड्यात. डॉक्टर म्हणाले, मार जिवावर बेतणारा नव्हता. रात्रभर थंडीत रक्त जात राहिलं, म्हणून गेली.

कुत्र्यालाही कोणी असं टाकत नाही हो!

गाडी पांढरी होती, एवढंच टपरीवाल्याला आठवत होतं. रायपुरात पांढऱ्या गाड्यांना काय तोटा? पोलिसांनी चार दिवस विचारपूस केली आणि हात झटकले.

गौतमनं मात्र एकच ध्यास घेतला. माझ्या आईला म्हणायचा, "मावशे, तो एकदा माझ्या हाती लागू दे. पोलिसात नाही देणार मी त्याले."

मे महिन्यात दिवाकर नावाचे एक गृहस्थ दुकानात आले. सिलताऱ्याच्या एका कारखान्यात मॅनेजर, मूळचे अमरावतीकडचे. मराठी माणूस म्हणून गौतमनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ऐंशीच्या वर गेली का गाडी थरथरते, भाऊ," दिवाकर म्हणाले. "सगळीकडं दाखवून आलो. कोणालेच सापडून नाही राहिलं."

"स्टीअरिंग हलते का सीट?"

"सीट."

"मंग मागची चाकं," गौतम म्हणाला. स्टीअरिंग थरथरलं तर दोष पुढच्या चाकांत, सीट थरथरली तर मागच्या. त्याच्यासाठी हा रोजचाच मामला होता.

त्यानं मागची चाकं काढून मशीनवर फिरवली. बॅलन्स बरोबर होता. टायर बदलून पाहिले, बेअरिंग तपासलं. काही नाही. मग एकटाच गाडी घेऊन नव्या रायपूरच्या मोकळ्या रस्त्यावर गेला आणि शंभरपर्यंत नेली.

गाडी लोण्यासारखी पळाली.

"काही नाही गाडीत," त्यानं परत येऊन सांगितलं.

"मंग मी काय खोटं बोलून राहिलो का?" दिवाकर चिडले. "बसा माझ्यासंगं!"

दिवाकर चालवायला बसले, गौतम शेजारी. सत्तर... पंचाहत्तर... ऐंशी...

सीट थरथरायला लागली.

गौतमनं जागा बदलल्या. स्वतः चालवायला बसला, दिवाकरांना शेजारी बसवलं. तरी थरथर. म्हणजे चालवण्यात दोष नव्हता. दिवाकर गाडीत असले की गाडी थरथरत होती...

"साहेब, आता तुमचंच बॅलन्सिंग करा लागते," गौतम हसून म्हणाला.

दिवाकर हसले नाहीत.

"तुमी चालवा. मी मांगं बसून पाहतो, कोणत्या बाजूनं येते ते," गौतम म्हणाला.

आवाज नीट ऐकू यावा म्हणून त्यानं एसी बंद करायला लावला, काचा खाली घेतल्या. बाहेर लू सुटलेली. तोंड भाजत होतं.

आधी तो मागं उजवीकडं बसला. ऐंशीचा काटा ओलांडला. उजवी बाजू शांत होती. त्यानं डावीकडच्या रिकाम्या सीटवर हात टेकला...

सीट बर्फासारखी गार होती.

आणि थरथर तिथूनच येत होती. पण ती चाकाची नव्हती. चाकाची थरथर एकसारखी असते. ही मध्येच थांबत होती... पुन्हा सुरू होत होती... हुडहुडी भरलेल्या माणसासारखी.

मग आवाज आला. अगदी बारीक.

किट... किट... किट...

दात वाजत होते.

गौतमला हात उचलायचा होता. उचलता आला नाही. कुणीतरी तो धरला होता... गारठलेल्या बोटांनी. त्यातली करंगळी वाकडी होती.

स्नेहलची डावी करंगळी लहानपणी दारात चेंगरून वाकडी झालेली.

त्यानं ती बोटं मुठीत घेतली. दिसत काहीच नव्हतं. हळूहळू थरथर कमी झाली... दातांचा आवाज थांबला...

"अरे वा!" पुढून दिवाकर आनंदानं ओरडले. "बंद झालं! काय केलं, भाऊ?"

गौतमनं मूठ सोडली नाही.

"साहेब... इथं कोणाले झोपवून नेलं होतं का?"

गाडीचा वेग एकदम उतरला. आरशात दिवाकरांचे डोळे दिसले.

"कोणी सांगितलं तुले?"

गौतम आरशात त्यांच्याकडं पाहत राहिला. ती नजर दिवाकरांना सोसवली नाही.

"जिवंत होती रे ते," ते रडकुंडीला आले. "दवाखान्याच्या गेटपर्यंत नेलं होतं मी. गेटावर पोलीस दिसला अन् हातपायच गळाले. मंग काही सुचेना, नुसता चालवत राहिलो. मांगून सारखी म्हणे, भैया, ठंड लग रही है... भैया, ठंड लग रही है... कोण होती, मले आजपर्यंत माहीत नाही."

"गाडी थांबवा."

गाडी थांबली. गौतमच्या डोळ्यांपुढं लालभडक झालं होतं. त्यानं हात सोडवून घेतला. बोटं सुटता सुटत नव्हती. जोर लावावा लागला. तो उतरला, दार धाडकन लावलं आणि पुढच्या खिडकीशी वाकला.

"मांगं बसली हाय तिचं नाव स्नेहल. माझी बायको हाय. तिथंच घेऊन जा तिले, जिथं टाकून आला होता."

दिवाकरांनी मागं वळून पाहिलं.

त्यांना काय दिसलं, देव जाणे. तोंड उघडं पडलं, आवाज फुटला नाही. गाडी निघाली. ऐंशी तर सोडाच, ती बैलगाडीच्या चालीनं जात होती... आणि टपापासून चाकांपर्यंत थरथरत होती.

संध्याकाळी सिलताऱ्याच्या रस्त्यावर, त्याच खड्ड्याजवळ, पोलिसांना गाडी सापडली. काचा खालीच होत्या. दिवाकर मागच्या सीटवर होते. गुडघे छातीशी ओढलेले, हात काखेत, ओठ निळे.

मे महिना. तोही रायपूरचा!

हार्ट अटॅक, असं ठरलं. मला विचाराल तर चांगली अद्दल घडली. मी गौतमला तसं बोलूनही दाखवलं. "सूड उगवला तिनं, दादा. आता तरी शांत हो."

त्यानं स्वतःचा तळहात उघडून पाहिला.

"माझा हात होता तोवर ते चूप बसली होती रे," तो म्हणाला. "तिले थंडी वाजून राहिली होती. सूड मलेच पायजे होता. ते हात सोडून नव्हती राहिली... अन् मी वढून घेतला. पुन्हा त्याच्याच गाडीत तिले सोडून उतरलो."



दिवाकरांच्या घरच्यांनी ती गाडी नंतर विकून टाकली. त्या मागच्या सीटवर पुन्हा हात टेकायला मिळावा म्हणून गौतम तीनदा त्यांच्या दारात जाऊन आला. कुणाला विकली, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.